हत्तीचे पूर्वज पाण्यात राहत होते का?

तिलारीकर

नमस्कार. आमचे गाव दोडामार्ग तालुक्यात, तिलारी धरणाच्या फुगवट्यापासून दीड-दोन किलोमीटरवर आहे. कर्नाटकातले हत्ती २००२ पासून आमच्या भागात येऊ लागले. त्यांच्यामुळे माड-केळींच्या बागायतीचे जे नुकसान होते तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे, आणि त्याबद्दल मी आज लिहीत नाही.

गेल्या पंधरवड्यात एका पहाटे भाच्याबरोबर फुगवट्याच्या वरच्या अंगाला उभा होतो. पाण्यावर धुके होते. समोरच्या रानातून एक मादी, तिचे पिल्लू आणि त्यांच्या मागून एक टस्कर असे तिघे खाली आले आणि न थांबता पाण्यात शिरले. पाणी पोटाला लागले, मग पाठीवरून गेले, आणि बघता बघता तिन्ही जनावरे दिसेनाशी झाली. वर उरली ती फक्त सोंडांची तीन टोके. सगळीकडे इतके शांत होते की त्या टोकांतून निघणारा श्वासाचा फुसकारा आम्हाला काठावर ऐकू येत होता. मधूनच मादीचे कपाळ वर येई आणि पुन्हा बुडे. पलीकडच्या काठाला लागायला त्यांना पंधरा-वीस मिनिटे लागली असावीत, पण घाई किंवा घाबरणे कुठेच दिसले नाही.

भाचा आठवीत आहे. त्याने तिथेच विचारले, "मामा, हत्ती पयले पाण्यातच रवत होते काय?" मला उत्तर देता आले नाही. समुद्रगाय ही हत्तीची नातलग आहे, असे पूर्वी कुठेतरी वाचल्याचे आठवते. ते खरे असेल तर भाच्याचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जीवाश्मवेडी

तिलारीकर, प्रश्न मुळीच पोरकट नाही. जीवाश्मांचे अभ्यासक या प्रश्नावर शंभराहून अधिक वर्षे विचार करीत आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

इजिप्तमध्ये कैरोच्या नैर्ऋत्येला फायूम नावाचा प्रदेश आहे. आज तिथे वाळवंट असले तरी सुमारे साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदल, नद्या आणि दाट झाडी होती. चार्ल्स अँड्र्यूज यांनी १९०१ मध्ये तिथल्या एका प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जवळच्या प्राचीन मोएरिस सरोवरावरून त्याला मोएरिथेरियम हे नाव दिले. हा प्राणी साधारण मोठ्या डुकराएवढा, लांबट अंगाचा आणि आखूड पायांचा होता. त्याला सोंड नव्हती, फार तर वरचा ओठ आणि नाक मिळून थोडे लोंबणारे तोंड असावे. डोळे मात्र पाणघोड्यासारखे डोक्यावर बरेच वर होते, त्यामुळे तो पाण्यात राहत असावा अशी अटकळ पहिल्यापासूनच होती. २००८ मध्ये त्या अटकळीला रासायनिक पुरावा मिळाला. दाताच्या इनॅमलमधील ऑक्सिजनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) तपासली तेव्हा एका प्राण्यापासून दुसऱ्यापर्यंत त्यांच्या प्रमाणात फारच थोडा फरक आढळला. जमिनीवरचे प्राणी वेगवेगळ्या ठिकाणचे पाणी पितात आणि घामावाटे ते कमी-अधिक गमावतात, म्हणून त्यांच्यात हा फरक मोठा असतो. पाण्यातच वावरणाऱ्यांमध्ये तो थोडा असतो. मोएरिथेरियम गोड्या पाण्यात किंवा दलदलीत राहून तिथल्याच वनस्पती खात होता, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

तरीही भाच्याला लगेच "हो" म्हणून सांगू नका. मोएरिथेरियम हा आजच्या हत्तीचा थेट पूर्वज नाही, तो त्या वंशाची बाजूला गेलेली फांदी आहे. त्याच्याही बरेच आधी, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, मोरोक्कोत एरिथेरियम नावाचा प्राणी होता. २००९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हत्तींच्या गणातला आजवर सापडलेला तो सर्वांत जुना प्राणी आहे आणि त्याचे वजन पाच-सहा किलो, म्हणजे मोठ्या मांजराएवढे होते. दातांवरून तो आणि त्याच्या नंतरचा फॉस्फाथेरियम हे जमिनीवरचे पाला खाणारे प्राणी वाटतात.

सागरिका

समुद्रगायीच्या नात्याबद्दल कोणी अधिक लिहील का? एक जंगलात आणि एक समुद्रात, हे नाते ठरवले कसे?

पशुवैद्य

सागरिकाताई, हे नाते दोन वाटांनी कळते. पहिली वाट डीएनएची. हत्ती, समुद्रगाय आणि हायरॅक्स (घुशीसारखा दिसणारा आफ्रिकेतला लहान प्राणी) हे तिघे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत आणि आर्डवार्क, टेनरेक, सोनेरी चिचुंद्री या इतर आफ्रिकी प्राण्यांसह ते 'आफ्रोथेरिया' या मोठ्या गटात मोडतात. हे नाव १९९८ मध्ये सुचवले गेले. आफ्रिका खंड इतरांपासून तुटून एकटा होता, त्या काळात ही सगळी मंडळी तिथे वाढली.

दुसरी वाट डोळ्यांनी पाहण्याची आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका आजारी हत्तिणीवर उपचार करण्यासाठी मला ज्येष्ठ सहकाऱ्यांबरोबर जाण्याची संधी मिळाली. गाई-म्हशी तपासण्याची सवय असल्याने कास पाहायला मी सरळ मागच्या पायांकडे गेलो. माहुताने हाताला धरून मला पुढे आणले. हत्तिणीची कास पुढच्या दोन पायांच्या मध्ये, छातीवर असते आणि तिला दोनच आचळ असतात. पिल्लू सोंड वर करून, बाजूला वळवून तोंडानेच दूध पिते. समुद्रगायीचीही आचळे छातीच्या भागात, पुढच्या वल्ह्यांच्या मागेच असतात. शिवाय मॅनाटी या समुद्रगायीच्या दाढा हत्तीप्रमाणेच जबड्यात मागून पुढे सरकत येतात. पुस्तकात वाचलेले नाते त्या दिवशी मला त्या हत्तिणीच्या छातीपाशी पटले.

शंकेखोर

धागा उत्तम आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. हत्तीला पोहता येते म्हणून त्याचे पूर्वज पाण्यातले, हा तर्क मला मान्य नाही. सुंदरबनातला वाघ खाडी पोहून जातो, आणि वाघाला कोणी जलचरांचा वंशज म्हणत नाही. हरणे पोहतात, म्हशी तर दिवसभर डुंबत असतात. त्यामुळे पोहण्याच्या कौशल्यावरून वंशावळ ठरवू नये.

जीवाश्मवेडी

शंकेखोर, तुमचा आक्षेप योग्य आहे आणि तो मला मान्य आहे. मात्र हत्तीचे पोहणे नुसते "येते" या सदरात बसत नाही, हेही नोंदवावेसे वाटते. इंडोनेशियातील फ्लोरेस हे बेट मुख्य भूमीला कधीही जोडलेले नव्हते, तरी तिथे स्टेगोडॉन या हत्तीच्या नातलगाची हाडे सापडतात. तो पोहूनच तिथे गेला असला पाहिजे. भूमध्य समुद्रातील सिसिली बेटावर प्रचंड हत्तींच्या वंशजांचे पिढ्यानपिढ्या आकारमान घटत जाऊन त्यांची उंची जेमतेम मीटरभर राहिली. २०१७ मध्ये श्रीलंकेच्या नौदलाला किनाऱ्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर समुद्रात एक हत्ती आढळला आणि त्यांनी त्याला दोर बांधून परत आणले. तेव्हाही त्याची सोंड पाण्याच्या वर होती. यातून पूर्वज सिद्ध होत नाहीत, हे खरे. पण या शरीराला पाणी परके नाही, एवढे तरी म्हणता येईल.

श्वासवैद्य

मी छातीच्या विकारांवर उपचार करतो, त्यामुळे तिलारीकरांच्या मूळ वर्णनातला श्वासाचा फुसकारा वाचून मला राहवले नाही.

माणसाच्या फुफ्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात, एक फुफ्फुसाला आणि एक छातीच्या भिंतीला लागून. दोहोंच्या मध्ये किंचित द्रव असतो आणि श्वास घेताना ते एकमेकांवरून घसरतात. जवळजवळ सर्व सस्तन प्राण्यांत हीच रचना आहे. हत्तीत ती नाही. त्याच्यात या दोन पडद्यांमधली जागा सैल तंतुमय ऊतीने भरलेली असते आणि फुफ्फुस छातीच्या भिंतीला जणू चिकटलेले असते. ही गोष्ट नवी नाही. १६८१ मध्ये डब्लिन शहरात आगीत मेलेल्या एका हत्तीचे विच्छेदन झाले, तेव्हाही ती लक्षात आली होती. पण असे का, याचे समाधानकारक उत्तर त्यानंतर तीनशे वर्षे मिळाले नव्हते.

श्वसनाचे अभ्यासक जॉन वेस्ट यांनी २००१ च्या सुमारास ते सुचवले. हत्ती दोन मीटर पाण्याखाली असतो आणि सोंडेतून बाहेरची हवा घेतो, हे डोळ्यांसमोर आणा. त्याच्या शरीरावर, आणि म्हणून रक्तावर, पाण्याचा सुमारे १५० मिलिमीटर पाऱ्याइतका जास्तीचा दाब पडतो, तर फुफ्फुसातली हवा मात्र बाहेरच्या वातावरणाइतक्याच दाबाची असते. पडद्यातल्या नाजूक केशवाहिन्यांना हा फरक सोसणार नाही, त्या फुटतील किंवा त्यांतून द्रव पाझरेल. हत्तीमध्ये नाजूक पडद्याच्या जागी जाड, सैल ऊती असल्यामुळे हा धोका टळतो. आपल्यापैकी कोणी इतक्या खोलीवर नळीने श्वास घेऊ पाहिला तर छातीच फुगवता येणार नाही, आणि तसा प्रयत्न कोणीही करू नये.

फुफ्फुसाभोवती वारंवार हवा साठणाऱ्या रुग्णांत आम्ही हे दोन पडदे मुद्दाम एकमेकांना चिकटवतो आणि तो माणूस त्यानंतरही व्यवस्थित श्वास घेतो. हत्तीत ती व्यवस्था जन्मतःच आहे.

शब्दार्थी

थोडे विषयांतर करतो, पण हत्तीला सोडून जात नाही. आपण हत्तीचे "सुळे" म्हणतो, आणि शाळेत आपण दातांचे चार प्रकार शिकलो: पटाशीचे दात, सुळे, उपदाढा आणि दाढा. हत्तीचे सुळे हे त्या अर्थाने सुळे नाहीतच, ते वरच्या जबड्यातले वाढलेले पटाशीचे दात आहेत. वाघाचे सुळे आणि हत्तीचे सुळे यांना मराठीत एकच शब्द असला तरी ते वेगळे दात आहेत. "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे" ही म्हण मात्र शरीरशास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत खरी आहे.

गोदाकाठ

शब्दार्थी, खायच्या दातांबद्दल मला लिहायलाच हवे, कारण तसा एक दात मी हातात धरला आहे.

नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या जुन्या गाळात नामशेष झालेल्या महाकाय हत्तीचे जीवाश्म मिळाले आणि भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लिहिले. पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस हे त्याचे आजचे नाव. 'नामाडिकस' म्हणजे नर्मदेचा. हाडांच्या तुकड्यांवरून काढलेला अंदाज खरा असेल तर यातले मोठे नर खांद्यापाशी पाच मीटरांच्या आसपास उंच होते. मी महाविद्यालयात असताना एका संग्रहालयात अशा हत्तीची दाढ पाहायला मिळाली आणि तिथल्या ताईंनी ती दोन्ही हातांनी उचलून पाहू दिली. पहिल्यांदा जाणवते ते वजन. मग लक्षात येते की हा एक दात असला तरी तो अनेक उभ्या चकत्यांचा बनलेला आहे, पापडांची चवड आडवी ठेवावी तसा. प्रत्येक चकतीभोवती इनॅमलची कड असते, आणि मधला मऊ भाग आधी झिजल्यामुळे या कडा जात्याच्या टाक्यांसारख्या उंच राहतात. मी त्यांवरून बोट फिरवले, तर काही लाख वर्षांनंतरही त्या खरखरीत लागत होत्या.

अशा दाढांचे सहा संच हत्तीला आयुष्यभरात मिळतात. नवी दाढ आपल्यासारखी खालून येत नाही, ती जबड्याच्या मागच्या बाजूने येऊन पुढे सरकते, आणि पुढची झिजलेली दाढ तुकड्यातुकड्यांनी गळून पडते. सहावी दाढ साठीच्या आसपास झिजते. त्यानंतर म्हाताऱ्या हत्तीला चारा बारीक करता येत नाही आणि तो हळूहळू उपासमारीने जातो. मला हे वाचून फार वाईट वाटले होते, अजूनही वाटते.

सागरिका

आणि स्टेगोडॉन गणेसा? ते नाव कुठेतरी ऐकले आहे.

गोदाकाठ

होय, तेही आपल्याकडचेच. शिवालिक टेकड्यांत ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांनी गोळा केलेल्या जीवाश्मांमध्ये ती कवटी होती, आणि त्यांनीच तिला गणपतीचे नाव दिले. हेच कॉटली गंगेच्या कालव्याचे अभियंता होते. कवटीचे सुळे तीन मीटरांहून लांब आणि एकमेकांच्या इतके जवळ आहेत की सोंड त्यांच्या मधून खाली लोंबणे शक्य नव्हते, ती बाजूने टाकावी लागत असणार. आता बरेच अभ्यासक तिला वेगळी जात न मानता स्टेगोडॉन इन्सिग्निस या जातीचा मोठा नर मानतात. ती कवटी लंडनच्या संग्रहालयात आहे.

नैरोबीकर

कामानिमित्त नऊ वर्षे केनियात आहे. वर हायरॅक्सचा उल्लेख आला म्हणून लिहितो. खडकाळ टेकड्यांवर हे प्राणी सकाळच्या उन्हात एकमेकांना चिकटून बसलेले असतात. दिसायला शेपूट नसलेल्या मोठ्या घुशीसारखे. हत्तीचा भाऊबंद म्हणून कोणी दाखवला तर हसू येईल. पण एकदा एक हायरॅक्स माझ्यापासून चार हातांवर जांभई देत होता आणि त्याच्या वरच्या जबड्यातले पुढचे दोन लांब टोकदार दात स्पष्ट दिसले. तेही पटाशीचेच दात आणि तेही आयुष्यभर वाढतात. त्यानंतर मला त्याच्याकडे परक्यासारखे पाहता आले नाही.

गर्भविज्ञानी

आतापर्यंत मूळ प्रश्नाच्या बाजूने जे पुरावे आले, त्यात दोन महत्त्वाचे राहिले आहेत.

पहिला १९९९ चा. आफ्रिकन हत्तीचे अगदी लहान गर्भ अभ्यासताना संशोधकांना त्यांच्या प्राथमिक मूत्रपिंडात उदरपोकळीकडे उघडणारी नरसाळ्यासारखी तोंडे दिसली. अशी रचना गोड्या पाण्यातले मासे, बेडूक, तसेच अंडी घालणाऱ्या प्राण्यांत असते. पिल्लांना जन्म देणाऱ्या कोणत्याही सस्तन प्राण्यात ती पूर्वी आढळली नव्हती. गर्भात सोंडही फार लवकर दिसू लागते. यावरून त्या संशोधकांनी हत्तीचे पूर्वज जलवासी असावेत असे मत मांडले.

दुसरा पुरावा २०१३ चा आणि मला तो अधिक भक्कम वाटतो. स्नायूंमध्ये ऑक्सिजन साठवणारे मायोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. देवमासे, सील यांसारख्या बुडी मारणाऱ्या प्राण्यांत या प्रथिनाच्या पृष्ठभागावर जास्त धन प्रभार असतो. त्यामुळे रेणू एकमेकांना ढकलतात, गुठळी होत नाही आणि स्नायूत ते पुष्कळ प्रमाणात साठवता येते. आजच्या प्राण्यांच्या प्रथिनांवरून पूर्वजांचे प्रथिन कसे असावे हे मागे मागे जाऊन काढता येते. तसे केल्यावर हत्ती, समुद्रगाय आणि हायरॅक्स यांच्या समाईक पूर्वजात हा प्रभार वाढलेला आढळला. म्हणजे नैरोबीकरांच्या खडकावर ऊन खात बसलेल्या त्या हायरॅक्सचाही पूर्वज अर्धा पाण्यात राहणारा असावा.

शंकेखोर

गर्भविज्ञानी, दुसरा पुरावा मलाही विचारात पाडतो. पहिल्याबद्दल मात्र मी सावध राहीन. गर्भातली एखादी जुनी रचना टिकली म्हणजे पूर्वज पाण्यात राहत होता, असे थेट म्हणता येत नाही.

याच संदर्भात आणखी एक पुरावा नेहमी दिला जातो, तो येथे येण्याआधीच त्याबद्दल लिहितो. हत्तीचे वृषण शरीराबाहेर नसून पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात आणि समुद्रगायीचेही तसेच असतात, म्हणून हे जलवासाचे लक्षण मानतात. पण टेनरेक आणि सोनेरी चिचुंद्री यांचेही वृषण आतच असतात, आणि सोनेरी चिचुंद्री तर वाळूत राहते. २०१८ मध्ये आफ्रोथेरियातील काही प्राण्यांत वृषण खाली उतरवणाऱ्या जनुकांचे मोडके अवशेष सापडले. म्हणजे त्यांच्या दूरच्या पूर्वजात वृषण खाली उतरत होते आणि नंतर ही सोय गमावली गेली. पाण्याशी त्याचा संबंध जोडण्याची गरज दिसत नाही.

श्वासवैद्य

शंकेखोर यांच्याशी सहमत. मी दिलेल्या फुफ्फुसाच्या रचनेलाही हेच लागू होते. ती पूर्वजांकडून आली, की सोंड लांब झाल्यावर नद्या ओलांडताना उपयोगी पडली म्हणून नंतर विकसित झाली, हे केवळ आजच्या हत्तीवरून ठरवता येणार नाही. फुफ्फुसावरणाचे जीवाश्म होत नाहीत.

जीवाश्मवेडी

सोंडेचेही होत नाहीत, आणि तीच खरी अडचण आहे. सोंडेत एकही हाड नाही. कवटीवर नाकाचे छिद्र किती वर आणि मागे सरकले आहे, आणि चेहऱ्याच्या नसांसाठीची भोके किती मोठी आहेत, यावरून सोंडेचा अंदाज बांधावा लागतो.

सोंड पाण्यात श्वास घेण्यासाठी निर्माण झाली, असे म्हणण्याचा मोह होतो, पण जीवाश्म दुसरीच हकिगत सांगतात. या वंशात शरीर उंच होत गेले, डोके जड होत गेले आणि एवढे जड डोके लांब मानेवर पेलणे शक्य नव्हते. मग तोंड जमिनीपर्यंत पोहोचवायचे कसे? गोम्फोथेरियम हा हत्तीच्या वंशातला जुना प्राणी आणि त्याचे आप्त यांच्यात आधी खालचा जबडा लांबला, त्यालाही दोन सुळे होते, आणि वर नाक-ओठ मिळून झालेली सोंड त्या जबड्याच्या आधाराने काम करीत असे. त्यांपैकीच प्लॅटिबेलोडॉन या प्राण्याचा फावड्यासारखा जबडा पाहून पूर्वी तो पाणवनस्पती उपसत असेल असे मानत; सुळ्यांवरच्या झिजेवरून मात्र तो झाडपाला कापत असावा असे दिसले. पुढे जबडा आखूड झाला आणि सोंड एकटी राहिली. पाण्यात तिचा उपयोग होतो, पण ती जमिनीवर चरताना घडली असावी.

म्हणून भाच्यासाठी माझे उत्तर असे आहे: फार जुना, समुद्रगायीशी समाईक असलेला पूर्वज बहुधा पाण्यात आणि पाण्याकाठी राहत होता. मधल्या कोट्यवधी वर्षांत हत्तीचा वंश जमिनीवर वाढला, आणि सोंड ही त्या मधल्या काळातली आहे. तुम्ही पाहिलेल्या दृश्यात दोन वेगवेगळ्या काळांची देणगी एकत्र आलेली आहे.

तिलारीकर

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. गोदाकाठ यांच्या दाढेपाशी त्याने मला थांबवले आणि स्वतःच्या दाढा जिभेने चाचपून पाहिल्या.

परवा आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो होतो. हत्ती दिसले नाहीत, पण काठच्या चिखलात ताजे ठसे होते, मोठे आणि त्यांच्या शेजारी लहान. लहान ठसे पाण्याच्या कडेपर्यंत मोठ्यांच्या आतल्या बाजूने गेले होते. भाच्याने त्यांच्या शेजारी काडीने एक रेघ मारली आणि विचारले, की पिल्लाला पोहायला आई शिकवते, की ते त्याला जन्मतःच येते. पशुवैद्य साहेब, याचे उत्तर तुमच्याकडे असेल तर कृपया लिहावे.

पशुवैद्य

तिलारीकर, पाण्यात तरंगणे आणि पाय मारणे त्याला शिकवावे लागत नाही. सोंडेचे मात्र तसे नाही. पहिले काही महिने पिल्लाला सोंडेवर नीट ताबा नसतो. ते तिच्यावर पाय देते, आणि पाणी प्यायचे असेल तर गुडघे टेकून सरळ तोंडच पाण्याला लावते. त्या काळात खोल पाण्यात आई त्याला अंगाशी धरून ठेवते आणि वेळ पडली तर सोंडेने वर उचलते. तुम्ही पाहिलेल्या पिल्लाचे सोंडेचे टोक पाण्याच्या वर होते, म्हणजे ते इतके लहान नसावे. पुढच्या वेळी ठशाची रुंदी वीतभर आहे की जास्त, ते मोजून इथे लिहा.